पाळणा कोणी हलवायचा?

घरात बाळ येते, तेव्हा घरातला प्रत्येक जण बोलका होतो. नाव काय ठेवायचे, बारसे कधी करायचे, कुंची कोणी शिवायची, बाळ कोणाच्या वळणावर गेले आहे, या प्रत्येक विषयावर आजीपासून आत्यापर्यंत सर्वांची ठाम मते असतात. परंतु आईची रजा संपण्याचा दिवस जवळ येऊ लागला, की तेच घर एकाएकी अबोल होते. आता बाळाकडे कोण पाहणार, हा प्रश्न सर्वांच्या मनात असतो आणि तो प्रथम उच्चारण्याची कोणाचीच तयारी नसते. सासूबाईंना वाटते, सुनेने काही वर्षे नोकरी सोडावी. सुनेला वाटते, आपण बोलण्याआधी नवऱ्याने बोलावे. नवऱ्याला वाटते, या बायकांच्या गोष्टी, त्यांचे त्या पाहतील. अखेर रजेचे दोन आठवडे उरले असताना शेजारच्या कामवालीच्या ओळखीने किंवा एखाद्या ब्युरोला फोन करून घाईघाईने एक ‘बाई’ ठेवली जाते. घर घेताना महिनोन्महिने कागदपत्रे तपासणारी, मोटार घेताना चार दालने पालथी घालणारी माणसे पोटचे मूल दिवसातले दहा तास ज्या हातांत सोपवायचे, त्या हातांची निवड मात्र दोन दिवसांत उरकतात.

हा विषय वरकरणी घरगुती आहे, म्हणून तो सार्वजनिक चिंतनाचा नव्हे, असे आजवर मानले गेले. वस्तुतः कुटुंब हा समाजाचा पाया आहे, असे आपण व्यासपीठावरून सातत्याने सांगत असतो. तो पाया घातला जातो मुलाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. ती वर्षे कोणाच्या सहवासात जावीत, मूल सांभाळण्यासाठी परकी स्त्री घरात आणावी की न आणावी, आणलीच तर कोणत्या नात्याने आणि कोणत्या अटींवर, याचा विचार केल्याशिवाय कुटुंबाविषयीची आपली सारी भाषणे पोकळच राहणार.

प्रथम परिस्थिती समजून घ्यावयास हवी. डोंबिवली, ठाणे, चिंचवड, नाशिक अशा शहरांतले आजचे मध्यमवर्गीय घर दोन खोल्यांचे वा तीन खोल्यांचे, गृहकर्जाच्या हप्त्यावर उभे राहिलेले आणि दोन पगारांवर चालणारे आहे. सकाळची जलद लोकल गाठायला निघालेले आईवडील रात्री आठच्या आत घरी परतत नाहीत. वाड्यात आणि चाळीत लहान मुलाकडे लक्ष ठेवायला दहा डोळे होते. सदनिकेच्या बंद दारामागे ते राहिलेले नाहीत. हा बदल एखाद्या सुनेच्या महत्त्वाकांक्षेतून झालेला नाही. शहरांची वाढ, घरांच्या किमती, बदल्यांच्या नोकऱ्या आणि मुलींचे शिक्षण या सर्वांनी मिळून तो घडविला आहे. मुलींना शिकवा, स्वावलंबी करा, असा आग्रह याच समाजाने धरला. त्या शिकल्या, मिळवत्या झाल्या. आता त्यांच्या शिक्षणाचे फलित दिसू लागल्यावर ‘मूल झाले, आता घरी बस’ असे म्हणणे सुसंगत होणार नाही.

कायद्यानेही या बदलाची काही दखल घेतली आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात दोन वेळा स्तनपानासाठी सुटी घेण्याचा हक्क तर त्याआधीपासूनच आहे. कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास, रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याचीही सोय त्या दुरुस्तीने दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम ठेवण्यात आल्या. तथापि सव्वीस आठवड्यांचे गणित नीट मांडले पाहिजे. त्यांतले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधाची आहे. यास्तव बाईचा शोध सुरू करण्यापूर्वी घराने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की कायद्याने दिलेले हे सर्व हक्क आपण पुरते वापरले आहेत काय? पुष्कळ घरांत पाळणाघराची किंवा घरून काम करण्याची लेखी मागणी कचेरीकडे कधी झालेलीच नसते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि येथे बहुतेक घरांत एक मोठा अन्याय सहजपणे होऊन जातो. बाईला महिन्याला इतके द्यायचे, मग सुनेच्या पगारातले उरते काय, असा हिशेब मांडला जातो. बाईचे वेतन सुनेच्याच पगारातून का वजा करायचे? मूल दोघांचे आहे, कुळाचे नाव तर ते वडिलांचे लावणार आहे. मग तो खर्च दोघांच्या एकत्र उत्पन्नातून वजा व्हावयास हवा. शिवाय नोकरी सोडली म्हणजे केवळ त्या महिन्याचा पगार जातो असे नव्हे. बढती, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि पाच वर्षांनी पुन्हा कामावर येण्याची संधी, हे सारे त्याबरोबर जाते. हे सर्व समजून-उमजून एखादी स्त्री काही वर्षे घरी राहण्याचा निर्णय घेत असेल, तर तो निर्णय सन्मानास पात्र आहे आणि घराने तिचा हात कधी रिकामा राहू देता कामा नये. परंतु चुकीच्या वजाबाकीतून तिच्यावर लादलेल्या निर्णयाला त्याग म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना आहे.

परक्या स्त्रीच्या हाती मूल देणे हे आपल्या परंपरेत बसत नाही, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. इतिहास तसे सांगत नाही. १६५७ साली पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती नाजूक. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊंना दूधआई म्हणून आणण्यात आले. दोनच वर्षांनी सईबाईसाहेब निवर्तल्या. पुढे या मातृहीन बाळाला धाराऊंचे दूध मिळाले आणि जिजाऊसाहेबांची शिकवण. महाराष्ट्राला वंदनीय असलेला एक छत्रपती अनेक मातृहातांनी वाढला. या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही, की गरज पडल्यावर दाई ठेवणे यात कमीपणा मानला गेला नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. ती दाई घरातल्या कर्त्या माणसांच्या देखरेखीखाली होती. आजी होती, संस्कारांची सूत्रे आजीच्या हाती होती आणि दूध पाजणारीचे नाव साडेतीनशे वर्षांनंतरही महाराष्ट्र आदराने घेतो. आज आपल्या घरी मूल सांभाळणाऱ्या बाईंचे आडनाव आणि गाव किती घरांना ठाऊक असते?

मानसशास्त्राचा निष्कर्षही फार वेगळा नाही. आई आणि मूल यांच्या बंधाचा सिद्धान्त मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे नाव या विषयात नेहमी घेतले जाते. त्यांच्या लिखाणाचा आधार घेऊन आईने घराबाहेर पडूच नये असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. स्वतः बोल्बींचे बालपण मात्र, त्या काळच्या उच्चवर्गीय इंग्रज रीतीप्रमाणे, दाईच्या सहवासात गेले. त्यांची जिवाभावाची दाई ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली आणि तो विरह त्यांना आईच्या विरहासारखाच वाटला. म्हणजे मुलाला जीव लावणारी व्यक्ती आई नसली तरी मूल तिला जीव लावते, आणि ती गेली की ते तुटते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी साठ बाळांचे निरीक्षण करून १९६४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीड वर्षाच्या वयापर्यंत बहुसंख्य मुले एकाहून अधिक माणसांशी घट्ट जोडली गेलेली त्यांना आढळली. अमेरिकेत राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेच्या पुढाकाराने १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. त्या अभ्यासाचे सार असे, की मूल दिवसा कोणाकडे असते यापेक्षा त्याच्या घरातले वातावरण कसे आहे आणि आई त्याच्याशी किती समजुतीने वागते, याचा प्रभाव अधिक पडतो. सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल, तर भाषा व बुद्धी यांना थोडा लाभ होतो. मात्र लहान वयात दीर्घ तास सामूहिक पाळणाघरात गेले, तर वर्तनाच्या तक्रारी किंचित वाढतात.

या साऱ्यातून घराला एक व्यवहारी कसोटी मिळते. बाई ठेवावी की नाही, हे ठरविताना विचारावयाचा खरा प्रश्न ‘आई की बाई’ असा नाही. बाई गेल्यावर संध्याकाळी घरात मुलासाठी कोण आहे, आणि जी बाई येईल ती निदान दोन-अडीच वर्षे टिकेल अशी आपली व्यवस्था आहे काय, हे दोन प्रश्न खरे. ज्या घरात आईवडील संध्याकाळी घरी येऊन मुलाजवळ बसतात, त्या घराला बाईची मदत होते. ज्या घरात दोघेही रात्री दमून येतात, मूल झोपलेले असते आणि रविवारही बाईच्याच हवाली असतो, त्या घरात बाई ही मदत राहत नाही. ते घरच तिच्यावर सोपविलेले असते. अशा घराने बाई शोधण्याआधी आपले वेळापत्रक तपासावे, दोघांपैकी कोणाचे काम काही काळ कमी करता येईल ते पाहावे. दर तीन महिन्यांनी बाई बदलणाऱ्या घरात तर मूल दर तीन महिन्यांनी एक आई गमावत असते. तसे होणार असेल, तर शेजारचे चांगले पाळणाघर अधिक श्रेयस्कर.

आजी-आजोबांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. निरोगी, हौशी आजी घरात असेल, तर तिच्यापेक्षा चांगली व्यवस्था दुसरी नाही, हे निर्विवाद. परंतु आजी ही फुकटची बाई नव्हे. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या स्त्रीला रांगत्या मुलामागे दहा तास धावायला लावणे हा मातृपूजेचा प्रकार म्हणता येणार नाही. तिनेही आयुष्यभर एक संसार ओढलेला असतो. आता तिला देवदर्शनाला, भजनाला, तीर्थयात्रेला जायचे असते. तिच्या होकारात संकोच किती आणि आनंद किती, हे मुलाने आणि सुनेने ओळखले पाहिजे. अशा घरी आजीच्या हाताखाली मदतीला बाई ठेवणे, हा उत्तम मध्यम मार्ग आहे. आजी गोष्ट सांगते, न्हाऊमाखू कसे घालायचे ते दाखवते, लक्ष ठेवते. उचलणे, भरवणे, धुणे बाई करते. धाराऊ आणि जिजाऊ यांच्या घरची रीत थोड्याफार फरकाने हीच होती.

आणि वडील? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात असे दिसले, की घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ९७ मिनिटे. घरातल्या माणसांच्या देखभालीत स्त्रियांची १३४ मिनिटे जातात, पुरुषांची ७६. ही झाली जे काम करतात त्यांची सरासरी. करतच नाहीत ते या हिशेबात आलेलेच नाहीत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी क्षेत्रातल्या वडिलांसाठी असा कायदा नाही. पण रजेच्या कायद्याने न अडणाऱ्या अनेक गोष्टी आहेत. सकाळी बाळाला आंघोळ घालणे, बाईंना घर उघडून देऊन कामे समजावणे, लसीकरणाच्या तारखा सांभाळणे, यासाठी कोणता कायदा लागतो?

या ठिकाणी संघटनेच्या कार्यकर्त्याने स्वतःच्या घराकडे वळून पाहणे आवश्यक आहे. महिन्यातील निम्मे दिवस प्रवास, उरलेल्या दिवसांत बैठका, शिबिरे आणि वर्ग; घरी पाहुणे आले की चहा-जेवणाची व्यवस्था गृहिणीकडे. अशा घरातील कार्यकर्ता ‘मातृशक्ती’ या विषयावर प्रभावी बौद्धिक देतो आणि त्याच्या घरी मात्र एकटी आई नोकरी, मूल आणि येणारे-जाणारे यांच्यात पिचून जात असते. तिने बाई ठेवण्याचा विषय काढला, की त्याला संस्कारांची आठवण होते. संस्कारांची चिंता खरी असेल, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बैठक सोडून घरी येण्याची तयारी हवी. मुलाला घोष, गीत आणि गोष्ट ऐकायची असते ती वडिलांच्या तोंडून. दौऱ्यावरून आलेल्या निरोपातून नव्हे. राष्ट्रकार्याला वेळ देणाऱ्या माणसाने आपल्या अपत्यासाठी वेळ काढला, तर त्या कार्याची हानी होत नाही, उलट त्याचे बोलणे लोकांना अधिक खरे वाटू लागते.

बाई ठेवण्याचे ठरले, तर पुढील काही गोष्टी घराने कटाक्षाने पाळाव्यात. आईची रजा संपण्यापूर्वी निदान पंधरा दिवस, शक्य तर महिनाभर, बाईंनी घरी येणे सुरू करावे. या काळात आई घरीच असते. बाळ कसे रडते, कशाने शांत होते, दूध कसे पाजायचे, पेज किती पातळ करायची, हे सारे बाई पाहून शिकतात आणि बाळही त्या चेहऱ्याला सरावते. बाईंच्या घरी एकदा जाऊन यावे. ती चौकशी म्हणून नव्हे, तर ओळख म्हणून. ओळखपत्राची प्रत, पोलीस ठाण्यातील नोंद आणि वैद्यकीय तपासणी हे सोपस्कार संकोच न बाळगता करावेत, तपासणीचा खर्च घराने सोसावा आणि यामागे अविश्वास नसून शिस्त आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे. गावाकडची बारा-तेरा वर्षांची पोर ‘बाळाशी खेळायला’ आणून ठेवण्याची रीत अजूनही काही सुखवस्तू घरांत दिसते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कायद्याचे राहू द्या. पण एका मुलाला खेळविण्यासाठी दुसऱ्या मुलीचे शिक्षण थांबविणाऱ्या घरात कोणते संस्कार होणार?

मारहाणीची भीती सर्वांना वाटते, आणि ती निराधार नाही. २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यात खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तेथील आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणातून उघड झाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे काळीज हलले. सावध राहावेच. बाळ एकाएकी दचकू लागले, बाईंना पाहून आक्रसू लागले, अंगावर वळ दिसले, अवेळी फार झोपू लागले, तर त्याचा अर्थ शोधावा. घरात कॅमेरा बसवायचा असेल, तर बाईंना सांगून बसवावा. चोरून टेहळणी करणाऱ्या घराला प्रामाणिक माणूस लाभत नाही. अधूनमधून आजोबांनी, शेजाऱ्यांनी अवेळी डोकावून जाणे, हा जुना उपाय यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. परंतु बहुसंख्य घरांत खरा धोका मारहाणीचा नसतो, तो मोबाईलचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलाला नातेवाइकांशी क्वचित होणाऱ्या दृश्य-संभाषणाचा अपवाद वगळता कोणताही पडदा दाखवू नये. मूल जेवत नाही म्हणून बाई मोबाईल देतात, अशी तक्रार आई करते, आणि रविवारी तीच युक्ती स्वतः वापरते. घराने जो नियम स्वतः पाळलेला नाही, तो बाई पाळतील ही अपेक्षा व्यर्थ आहे.

भाषेचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. मूल पहिले शब्द उचलते ते दिवसभर बोलणाऱ्या तोंडातून. बाई मराठवाड्यातल्या असतील, कोकणातल्या असतील, झारखंड वा बंगालमधून आलेल्या असतील; त्यांच्या बोलीचे शब्द मुलाच्या तोंडी येणारच. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. जात्यावरच्या ओव्या, अंगाईगीते, बडबडगाणी यांचा जो साठा सुशिक्षित आईपाशी उरलेला नाही, तो अनेकदा या बायांपाशी असतो. घराची भाषा मुलाला द्यावयाची जबाबदारी आईवडिलांची. ती बाईंच्या शब्दांनी हिरावली जात नाही, आईवडिलांच्या मौनाने हिरावली जाते.

आता या विषयाची दुसरी बाजू, जी आपल्या घरांत सहसा बोलली जात नाही. मेवाडच्या पन्ना दाईची कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो. बनवीराची तलवार राजपुत्र उदयसिंहावर पडू नये, म्हणून तिने स्वतःचा मुलगा पुढे केला. आजच्या बाईंवर तसा प्रसंग येत नाही. पण ज्या वेळी त्या आपल्या घरातील बाळाला भरवीत असतात, त्या वेळी त्यांचे स्वतःचे मूल वस्तीतल्या खोलीत थोरल्या बहिणीच्या कडेवर असते, आणि ती बहीण त्यासाठी शाळा बुडवीत असते. कचेरीत जाणाऱ्या आईला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तिचे बाळ सांभाळणाऱ्या आईला बाळंतपणात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळू शकतात, रजा आणि पगार मात्र मालकिणीच्या मर्जीवर. महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. त्याखाली बाईंची नोंदणी करून देण्याची तसदी किती घरे घेतात? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले. कायदा होईल तेव्हा होईल. घर आपल्यापुरते आजच न्यायी होऊ शकते.

तो न्याय फार मोठ्या खर्चाचा नाही. ठरलेले वेतन ठरलेल्या तारखेला, आठवड्याला एक हक्काची सुटी, आजारपणाची रजा, दरवर्षी वाढ, दिवाळीला एक महिन्याचा पगार, काम सोडताना वा सोडवताना दोन्ही बाजूंनी एक महिन्याची पूर्वसूचना. या अटी साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. बाई चाळीस वर्षांच्या आतल्या असतील, तर श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपयांच्या हप्त्यावर साठीनंतर तीन हजार रुपये निवृत्तिवेतनाची सोय आहे. हा हप्ता घराने भरला, तर एका उपाहारगृहातल्या जेवणाचाही खर्च होत नाही. आणि मूल सांभाळायला आलेल्या बाईंवर धुणे, भांडी, पाहुण्यांचा स्वयंपाक हळूहळू लादत जाण्याचा मोह टाळावा. थकलेले हात बाळाला माया देऊ शकत नाहीत.

पैशांपलीकडची एक गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. समरसतेवर आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते, सहभोजने होतात. पण ज्या बाईंच्या हातून आपले मूल घास घेते, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात वेगळा कप आणि वेगळी ताटली आहे काय? त्या जमिनीवर बसतात आणि बाळ सोफ्यावर? मूल हे पाहत असते. ज्या मांडीवर ते झोपते, तिची पायरी घरात कोणती आहे, हे त्याला दोन-तीन वर्षांच्या वयातच कळते, आणि पुढे कितीही बौद्धिके ऐकली तरी हा धडा पुसला जात नाही. त्यांना नावाने नव्हे, तर मावशी, ताई म्हणून हाक मारणारे मूल माणसांचा मान राखायला शिकते. पण त्या हाकेमागे घराचे वागणेही तसे हवे.

सगळ्यांनाच चांगली बाई मिळणे शक्य नाही आणि परवडणारेही नाही. म्हणून या प्रश्नाकडे एका घरापुरते पाहून चालणार नाही. महाराष्ट्राला या बाबतीत मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून देशभर गेला. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच फिरते पाळणाघर सुरू केले. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविण्याचा उपक्रम आहे. आपल्या वस्त्यांत सेवाकार्ये चालतात. त्यांत संस्कारवर्ग आहेत, अभ्यासिका आहेत. त्यांच्या जोडीला पाळणाघरे का असू नयेत? निवृत्त शिक्षिका, वेळ असणाऱ्या गृहिणी यांनी गृहसंकुलाच्या मोकळ्या खोलीत पाळणाघर चालवावे, त्यात वस्तीतल्या स्त्रियांना बालसंगोपनाचे रीतसर प्रशिक्षण देऊन मानाने नेमावे, आणि त्यांची स्वतःची मुलेही तेथेच, त्याच सतरंजीवर खेळावीत. कचेरीत जाणाऱ्या आईची आणि तिच्या मदतीला येणाऱ्या आईची, अशा दोघींची चिंता एकाच वेळी दूर करणारा हा उपाय आहे, आणि समरसतेचा त्याहून सोपा पाठ दुसरा नसेल.

मूल सांभाळायला बाई ठेवणे हे पाप नाही आणि प्रतिष्ठेचे लक्षणही नाही. ती घराच्या गरजेतून घेतलेली मदत आहे. ती घ्यावी की नाही, हे आईने एकटीने रात्री उशाशी जागून ठरवावयाचे नाही; वडील, आजी-आजोबा, सर्वांनी एकत्र बसून, आपापला वेळ आणि वाटा सांगून ते ठरवावयाचे आहे. घेतल्यावर त्या स्त्रीशी न्यायाने वागावयाचे आहे, कारण तिला स्थैर्य मिळाले तरच आपल्या बाळाला ते मिळेल. येत्या रविवारी ज्या घरात रजेचे दिवस मोजले जात आहेत, तेथे ही बैठक व्हावी. आणि तिचे निमंत्रण घरातल्या कर्त्या पुरुषाने द्यावे.